कागदावर थांबलेली किंमत

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



स्मृतिव्याख्यानासाठी साधारणपणे संस्कृती, शिक्षण, राष्ट्र असे ऐसपैस विषय घेतात. मी मालमत्ता कर घेतला आहे, आणि त्याचाही एक कोपरा. दुकानं, कार्यालयं, हॉटेलं, गोदामं यांचं करासाठीचं मूल्य दरवर्षी किती वाढू द्यायचं आणि त्या वाढीला कायद्याने मर्यादा घालायची की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. तो रुक्ष वाटला तर दोष माझा. मात्र याच प्रश्नाने अमेरिकेतल्या सर्वाधिक लोकसंख्येच्या राज्याचं अर्थकारण १९७८ साली मुळापासून हललं. टेक्ससमध्ये २०२३ साली एकाच पक्षाची दोन सभागृहं याच प्रश्नावरून उन्हाळाभर एकमेकांशी बोलायची थांबल्यासारखी झाली. मुंबईच्या महापालिका कायद्यातही याच जातीचं एक कलम बसलेलं आहे, ज्याची चर्चा आपण फार कमी करतो.

टेक्ससपासून सुरुवात करतो, कारण तिथला प्रसंग ताजा आहे. त्या राज्यात आयकर नाही. शाळा, शहर, काउंटी, रुग्णालय या सगळ्यांचा भार मालमत्ता करावर पडतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा शाळांचा असतो. प्रत्येक काउंटीसाठी मूल्यांकनाचं एक स्वतंत्र कार्यालय आहे. १ जानेवारीला तुमची मालमत्ता बाजारात कितीला गेली असती हे ते ठरवतं आणि वसंतात तुम्हाला नोटीस पाठवतं. आकडा पटला नाही तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घ्यायची आणि पुनर्विलोकन मंडळापुढे बाजू मांडायची. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनमध्ये ज्यांची मुलंबाळं आहेत त्यांनी या दिवसांत फोनवर 'प्रोटेस्ट'चा उल्लेख ऐकला असेल. तो मोर्चा नसतो, घरपट्टीची हरकत असते.

स्वतःच्या राहत्या घराचं करमूल्य वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये, ही मर्यादा टेक्ससमध्ये १९९७ पासून आहे. दुकानाला, गोदामाला, भाड्याने दिलेल्या घराला ती नव्हती. करोनानंतर जमिनींचे भाव असे उसळले की छोट्या व्यावसायिकांच्या हातात एका वर्षात दीडपट, दुप्पट मूल्याच्या नोटिसा पडू लागल्या. २०२३ मध्ये राज्याच्या तिजोरीत मोठी शिल्लक होती, त्यामुळे सवलत द्यायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. कशी द्यायची यावर मात्र भांडण जुंपलं. प्रतिनिधिगृहाचे सभापती डेड फेलन यांना राहत्या घराची मर्यादा १० वरून ५ टक्क्यांवर आणून ती सगळ्या मालमत्तांना लावायची होती, व्यापारी मालमत्तांसह. सिनेटचे प्रमुख असलेले नायब राज्यपाल डॅन पॅट्रिक यांचा मूल्यमर्यादेलाच विरोध होता. त्यांचं म्हणणं होतं, राहत्या घराच्या मूल्यातली ठरावीक रक्कम करमुक्त करा, मूल्याला हात लावू नका. नेहमीचं अधिवेशन संपलं, एक खास अधिवेशन वाया गेलं, आणि दुसऱ्यात, जुलैमध्ये, तडजोड झाली. राहत्या घरासाठीची करमुक्त रक्कम ४० हजार डॉलरवरून १ लाख डॉलरवर नेली. राहतं घर नसलेल्या, ५० लाख डॉलरपर्यंतच्या मालमत्तांचं करमूल्य वर्षाला २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाही, अशीही मर्यादा आली. ती २०२४, २०२५ आणि २०२६ अशी तीनच वर्षांसाठी. नोव्हेंबरमध्ये सार्वमत झालं आणि सुमारे ८३ टक्के लोकांनी या पॅकेजला पाठिंबा दिला.

८३ टक्के. एवढं मत सहसा एखाद्या गोष्टीची नीट चर्चा न झाल्यावरच पडतं, असा माझा आपला एक खवचट अनुभव आहे.

२० टक्क्यांची मर्यादा ऐकायला सैल वाटते, आणि आहेही. वर्षाला २० टक्के म्हणजे चार वर्षांत दुपटीहून थोडं जास्त. तिचा उपयोग भावाची उडी मोठी असते तेव्हाच होतो. आणि उडी मोठी असली की एक गंमत घडते. बाजार पुढच्या वर्षी पडला तरी तुमचं करमूल्य वाढतच राहतं, कारण ते मागे राहिलेलं असतं आणि बाजारभावाला गाठेपर्यंत पायऱ्या चढत असतं. बाजार खाली आणि बिल वर. टेक्ससमधले घरमालक गेली काही वर्षं हेच बघून चक्रावताहेत. कुणी फसवलेलं नसतं, मर्यादेचं गणितच तसं असतं.

आता मूळ गणिताकडे येतो, कारण या विषयातला बहुतेक गैरसमज तिथेच आहे. समजा एका गावात दोनच दुकानं आहेत, प्रत्येकाचं करमूल्य ५० लाख. गावाला वर्षाला २ लाख रुपये हवेत. प्रत्येकाने १ लाख भरलं, हिशेब मिटला. मग पहिल्या दुकानासमोर मेट्रोचं स्थानक आलं आणि त्याची किंमत १ कोटी झाली. दुसरं गावाच्या जुन्या बाजूला, जसंच्या तसं ५० लाखांचं. गावाची गरज तीच, २ लाख. खऱ्या किमतीप्रमाणे वाटणी केली तर पहिल्याने सुमारे १ लाख ३३ हजार आणि दुसऱ्याने सुमारे ६७ हजार भरायचे. आता २० टक्क्यांची मर्यादा लावा. पहिल्याचं करमूल्य ६० लाखांवर थांबलं. एकूण १ कोटी १० लाख. २ लाखांची वाटणी होते तेव्हा पहिल्याच्या वाट्याला सुमारे १ लाख ९ हजार येतात आणि दुसऱ्याच्या वाट्याला सुमारे ९१ हजार.

गावाने एक पैसाही कमी गोळा केलेला नाही. पहिल्याला वाटतं मर्यादेने आपल्याला सरकारच्या तावडीतून सोडवलं. खरं तर त्याचे २४ हजार ज्याच्या दुकानाची किंमत वाढलीच नाही त्या दुसऱ्याने भरले. मूल्यावर घातलेली मर्यादा कर कमी करत नाही, ती वाटा बदलते. आणि कराचा भार ज्याच्या संपत्तीचा भाव चढला त्याच्याकडून ज्याचा चढला नाही त्याच्याकडे सरकवते. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं ते एवढंच आहे. पुढचं सगळं म्हणजे दुकानांच्या आणि कंपन्यांच्या बाबतीत हे सरकणं घरांपेक्षा जास्त का होतं आणि जास्त काळ का टिकतं, याची कहाणी.

ती कहाणी कॅलिफोर्नियाची आहे, आणि तिची सुरुवात एका लाचखोर अधिकाऱ्यापासून होते.

सॅन फ्रान्सिस्कोचा असेसर, म्हणजे करमूल्य ठरवणारा निवडून आलेला अधिकारी, रसेल वोल्डन. १९६५ च्या सुमारास त्याचं प्रकरण बाहेर आलं. पैसे घेऊन तो काही कंपन्यांचं मूल्य कमी लावत असे. पुढच्या वर्षी त्याला शिक्षा झाली. विधिमंडळाने कायदा केला की यापुढे सगळ्या मालमत्तांचं करमूल्य बाजारभावाच्या एकसारख्या टक्क्याने, २५ टक्क्यांनी, लावायचं. याला कुणाची हरकत असणार? पण असेसर मंडळींनी इतकी वर्षं एक अलिखित सूट चालवली होती. घरांना बाजारभावाच्या फार कमी टक्क्याने मूल्य लावायचं आणि धंद्यांना जास्त. एकसारखा नियम येताच घरांचं बिल वाढलं आणि बऱ्याच कंपन्यांचं उतरलं. तो लबाड असेसर परत आणा, अशा आशयाचे स्टिकर सॅन फ्रान्सिस्कोत मोटारींच्या मागे लागले. सुधारणेनं कुणाचा खिसा हलका होतो हे सुधारकांनी आधी मोजलेलं नव्हतं.

त्यावर सत्तरच्या दशकातली महागाई आली. घरांच्या किमती दरवर्षी चढत होत्या, असेसर आता इमानदारीने त्या नोंदवत होते, आणि निवृत्त माणसाच्या पेन्शनचा मोठा वाटा घरपट्टीत जाऊ लागला. राज्याच्या तिजोरीत मात्र अब्जावधी डॉलर शिल्लक पडून. या रागाला वाचा फोडली हॉवर्ड जार्विस नावाच्या एका करड्या म्हाताऱ्याने. तो लॉस एंजेलिसमधल्या इमारतमालकांच्या संघटनेचा कार्यकारी संचालक होता, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. ६ जून १९७८ ला त्याचं 'प्रपोझिशन १३', म्हणजे सार्वमताला टाकलेला प्रस्ताव, जवळजवळ ६५ टक्के मतांनी मंजूर झालं. कर मूल्याच्या १ टक्क्याहून जास्त नाही. मूल्य १९७५ च्या पातळीवर मागे नेलेलं, आणि तिथून वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढ. बाजारभावाने नवं मूल्य लावायचं ते मालमत्ता विकली गेली किंवा नवं बांधकाम झालं तरच. मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं.

त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर दुसरा एक पर्याय होता, प्रपोझिशन ८. विधिमंडळाने तो घाईघाईने पुढे केला होता. राहत्या घरांना वेगळा, कमी दर लावायची मुभा त्यात होती. धंद्याच्या मालमत्ता नेहमीच्या दरात राहिल्या असत्या. लोकांनी तो नाकारला. घरमालकाच्या रागावर स्वार होऊन गोदाम, तेल शुद्धीकरण कारखाना, मॉल आणि दहा मजली कार्यालय हे सगळे त्याच गाडीत बसले.

भाडेकरूंना सांगितलं गेलं होतं की मालकांचा कर कमी झाला की भाडी उतरतील. भाडी उतरली नाहीत. संतापलेल्या भाडेकरूंनी नगरपालिकांकडे धाव घेतली. लॉस एंजेलिसने त्याच वर्षी भाडी गोठवली, पुढच्या वर्षी सांता मोनिका आणि सॅन फ्रान्सिस्कोत भाडेनियंत्रण आलं. इमारतमालकांच्या माणसाने मिळवलेल्या विजयातून इमारतमालकांच्या डोक्यावर भाडेनियंत्रण बसलं. दैव कधी कधी अर्थशास्त्र शिकवतं, आणि फी भरपूर घेतं.

वर्षाला २ टक्के म्हणजे ४५ वर्षांत १०० चे २४४. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची जमीन या काळात किती पटींनी गेली हे तिथे राहणाऱ्यांना मी सांगायला नको. २००३ साली अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि त्यांनी सल्लागार म्हणून वॉरन बफे यांना बोलावलं. बफे यांनी वर्तमानपत्राला आपलीच दोन बिलं सांगितली. ओमाहातलं त्यांचं पाच लाख डॉलरचं घर, कर सुमारे १४,४०० डॉलर. कॅलिफोर्नियातल्या लगुना बीचमधलं चाळीस लाख डॉलरचं घर, कर २,२६४ डॉलर. श्वार्झनेगर यांनी यावर सांगितलं की बफे यांनी पुन्हा प्रपोझिशन १३ चं नाव काढलं तर त्यांना ५०० सिट-अप्स काढाव्या लागतील. 

घराचं एक बरं असतं. माणूस म्हातारा होतो, बदली होते, घटस्फोट होतो, शेवटी मरतो. कधी ना कधी घर विकलं जातं आणि मूल्य पुन्हा बाजारभावाला येतं. कंपनी मरत नाही. कंपनीची जागा विकायची गरजच नसते, कंपनी विकता येते, शेअर विकता येतात. जागा कागदोपत्री त्याच कंपनीच्या नावे राहते. कॅलिफोर्नियाचा नियम असा की एकाच व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या हाती ५० टक्क्यांहून जास्त हिस्सा गेला तर मालकी बदलली असं धरायचं. मग वकील काय करणार? सांता मोनिकात समुद्राकडे तोंड करून असलेलं फेअरमाँट मिरामार हॉटेल संगणक कंपनीवाल्या मायकेल डेल यांच्या गटाने २००६ साली सुमारे २० कोटी डॉलरना घेतलं. हिस्से असे वाटले की कुणाचाच ५० च्या वर गेला नाही; डेल यांच्या पत्नीच्या नावे ४९ टक्के. काउंटीने नवं मूल्य लावलं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१४ साली अपील न्यायालयाने डेल यांच्या बाजूने निकाल दिला. हॉटेल विकलं गेलं होतं हे सगळ्या जगाला माहीत होतं, फक्त करखात्याला नव्हतं.

आणि जो या चौकटीत सापडतो त्याची अवस्था बघा. मेसीज हे मोठं डिपार्टमेंट स्टोअर. १९८६ साली व्यवस्थापनानेच कर्ज काढून कंपनी विकत घेतली. हिस्सा ५० टक्क्यांच्या वर गेला, मालकी बदलली, म्हणून कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या दुकानांना नवं मूल्य लागलं. शेजारच्या प्रतिस्पर्ध्याचं दुकान तेवढंच, माल तोच, गिऱ्हाईक तेच, पण कर जुन्या मूल्यावर. मेसीज सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने १९९१ मध्ये खटला ऐकायचं मान्य केलं, आणि काही आठवड्यांत मेसीजने माघार घेतली. का? कॅलिफोर्नियातले घरमालक खवळले, आपली सवलत जाईल म्हणून दुकानावर बहिष्कार घालायची भाषा सुरू झाली. अन्याय दुकानावर होत होता आणि त्याचं संरक्षण गिऱ्हाईकच करत होतं, कारण त्याच नियमाने गिऱ्हाइकाच्या घराचं बिल बांधलेलं होतं. घर आणि धंदा एकाच मर्यादेत बांधले की हे असं होतं. मग ती गाठ सोडवताच येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची या प्रश्नावरची भूमिकाही बघण्याजोगी आहे. १९८९ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या वेबस्टर काउंटीचं प्रकरण त्यांच्यापुढे आलं. तिथली असेसर नुकत्याच विकल्या गेलेल्या कोळशाच्या जमिनींना विक्रीच्या किमतीने मूल्य लावायची आणि शेजारच्या जुन्या जमिनींचं मूल्य जवळपास तिथेच ठेवायची. कोळसा कंपन्यांचं मूल्य शेजाऱ्यांच्या ८ ते ३५ पट झालं होतं. न्यायालयाने एकमताने सांगितलं, हा समान वागणुकीच्या हक्काचा भंग आहे. तीन वर्षांनी, १९९२ मध्ये, नॉर्डलिंगर विरुद्ध हान खटल्यात कॅलिफोर्नियाची नेमकी तशीच व्यवस्था आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरली. फरक असा की वेस्ट व्हर्जिनियात असेसरच्या लहरीने चाललं होतं, कॅलिफोर्नियात लोकांनी मतदान करून ठरवलं होतं. निकालपत्रात कारणं दिली आहेत त्यात एक असं की जुन्या वस्तीतल्या कुटुंबांनी चालवलेल्या छोट्या दुकानांना साखळी दुकानांच्या रेट्यापासून वाचवणं हा राज्याचा रास्त हेतू असू शकतो. एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत दिलं आणि जुन्या मालकांना वंशपरंपरागत जमीनदारांच्या पंक्तीला बसवलं.

छोटं कौटुंबिक दुकान. हा शब्द या वादात सारखा येतो आणि तो खोटा नाही. म्हणून इथे जरा थांबतो. ज्या गल्लीत तीस वर्षं एक हार्डवेअरचं दुकान आहे, तिथे आजूबाजूला टोलेजंग इमारती आल्या म्हणून त्याच्या खिळ्या-मोळ्यांचा खप वाढत नाही. जमिनीचा भाव कागदावर दुप्पट झाला, गल्ल्यात एक रुपया जास्त आला नाही, आणि कर मात्र रोखीत भरायचा. हे दुखणं खरं आहे. टेक्ससमधल्या ५० लाख डॉलरच्या मर्यादेमागे हेच दुकान होतं. पण मर्यादा दुकानाला मिळते की जागेच्या मालकाला? छोटे दुकानदार बहुतेक भाड्याने असतात. अमेरिकेत व्यापारी जागेच्या भाडेकरारात मालमत्ता कर, विमा आणि देखभाल भाडेकरूने भरायची, ही पद्धत सर्रास आहे. म्हणजे मर्यादा असेपर्यंत सवलत भाडेकरूपर्यंत झिरपते असं वाटतं. पण मालकाने इमारत विकली की मूल्य बाजारभावाला उडी मारतं आणि ते वाढीव बिल, ज्याने काहीही विकलं नाही आणि काहीही विकत घेतलं नाही, त्या भाडेकरूच्या माथी येतं. शिवाय नवा दुकानदार, जो मुळातच कर्जाखाली सुरुवात करतो, त्याच्या शेजारी जुन्या मूल्यावर बसलेला प्रतिस्पर्धी. अशा व्यवस्थेत सर्वांत मोठी किंमत मोजतो तो नव्याने धंदा सुरू करणारा.

दुसरी एक गोष्ट, जी घरांच्या भावनिक वादात हरवते. निवृत्त शिक्षिकेचं घर चार कोटींचं झालं तरी त्यातून तिला महिन्याला काही येत नाही. पण कार्यालयाची किंवा मॉलची किंमत ठरवतातच मुळी भाड्याच्या उत्पन्नावरून. त्या जागेतून वर्षाला किती मिळतं, त्या धंद्यात पैसे गुंतवणाऱ्याला किती टक्के परतावा हवा असतो, या दोन आकड्यांतून किंमत निघते. किंमत वाढली म्हणजे बहुतेक वेळा उत्पन्न वाढलं किंवा वाढणार असा बाजाराचा अंदाज आहे. उत्पन्न नसताना कर कसा भरू, हा घराचा बिनतोड मुद्दा इमारतमालकाच्या तोंडी लंगडा पडतो.

मोठ्या इमारतमालकांना मर्यादेची वाट पाहावी लागत नाही, हेही सांगायला हवं. टेक्ससमध्ये विक्रीची किंमत सरकारला सांगणं मालकाला बंधनकारक नाही, त्यामुळे महागड्या इमारतींचा खरा भाव मूल्यांकन कार्यालयाला शोधून काढावा लागतो. शिवाय १९९७ पासून कायद्यात अशी तरतूद आहे की तुमचं मूल्य तुलनेच्या इतर मालमत्तांच्या मध्यम मूल्याहून जास्त असेल तर कोर्टात जाऊन ते कमी करून घेता येतं. तुलनेला कोणत्या इमारती घ्यायच्या यात वकिलाची कला असते. मोठ्या इमारतींचे मालक दरवर्षी वकील लावतात. हार्डवेअरवाला मे महिन्यात रांगेत उभा राहतो.

कॅलिफोर्नियाने एकदा दुरुस्तीचा प्रयत्न केला. २०२० च्या प्रपोझिशन १५ मध्ये घरं जशीच्या तशी ठेवून फक्त व्यापारी आणि औद्योगिक मालमत्ता बाजारभावाला आणायच्या होत्या. ज्यांची राज्यातली एकूण मालमत्ता ३० लाख डॉलरच्या आत आहे असे छोटे मालक वगळलेले. अनाहाइममधल्या डिस्नेलँडच्या जुन्या जमिनीचं मूल्य सत्तरच्या दशकाला चिकटून आहे, हे उदाहरण त्या प्रचारात घरोघरी पोचलं. वर्षाला साडेसहा ते साडेअकरा अब्ज डॉलर मिळतील असा अधिकृत अंदाज होता. ४८ विरुद्ध ५२ टक्क्यांनी प्रस्ताव पडला. भाडेकरार वाचलेल्या छोट्या दुकानदारांनी विरोधात प्रचार केला, कारण वाढीव कर शेवटी आपल्याच बिलात येणार हे त्यांना दिसत होतं. मी त्यांना दोष देत नाही. मर्यादा जेवढी जुनी तेवढी ती काढण्याची वेळ जास्त दुखरी. फ्लोरिडात बिगर-राहत्या मालमत्तांसाठी १० टक्क्यांची मर्यादा २००८ साली दहा वर्षांपुरती आणली होती. २०१८ मध्ये, मुदत संपण्याआधीच, लोकांनी ती कायमची केली. टेक्ससची तीन वर्षं ३१ डिसेंबर २०२६ ला संपतात असं कायद्यात लिहिलं आहे. कायद्यात लिहिलेली मुदत आणि राजकारणातली मुदत या दोन वेगळ्या चिजा आहेत.

आता मुंबई. ही उदाहरणं अमेरिकेची आहेत म्हणून आपण निवांत बसायचं कारण नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली; तेच 'प्रमाणित भाडं'. महापालिकेचा कर करपात्र मूल्यावर, आणि करपात्र मूल्य म्हणजे जागेला वर्षाला वाजवी मिळू शकेल ते भाडं. प्रमाणित भाड्याहून जास्त भाडं घेणं कायद्यानेच मना, तेव्हा करपात्र मूल्यही त्याहून जास्त धरता येणार नाही, हे दिवाण दौलतराय कपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्कं केलं. म्हणजे भाड्याची मर्यादा आपोआप कराचीही मर्यादा झाली. फोर्ट आणि काळबादेवीतल्या जुन्या इमारती चाळीसच्या दशकातल्या मूल्यावर आणि उपनगरातली नवी इमारत आजच्या भाड्यावर. दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेपेक्षा उपनगरातला गाळा जास्त कर भरतो, ही तक्रार मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत होती. आणि फायदा फक्त चाळीतल्या भाडेकरूला मिळत नव्हता. फोर्टातल्या बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या त्याच गोठवलेल्या भाड्यात बसल्या होत्या. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बँका, सार्वजनिक उपक्रम आणि १ कोटी रुपये किंवा जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून बाहेर काढलं. कॅलिफोर्निया जे २०२० मध्ये करू शकलं नाही त्याच्या जवळचं काहीतरी आपण केलं होतं. त्याचं कौतुक आपल्याला कधी वाटलंच नाही.

१ एप्रिल २०१० पासून मुंबईने करपात्र मूल्य सोडून भांडवली मूल्य धरलं. ते ठरतं रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने जाहीर केलेला, दर, चटईक्षेत्र, वापराचा प्रकार आणि बांधकामाचं वय यांवरून. कर एकदम उसळू नये म्हणून कायद्यात कलम घातलं. पहिल्या फेरीत निवासी जागांचा कर आधीच्या दुपटीच्या वर नाही, अनिवासी जागांचा तिपटीच्या वर नाही. त्यानंतर दर पाच वर्षांच्या फेरमूल्यांकनात वाढ ४० टक्क्यांच्या वर नाही. इथे एक चांगली गोष्ट दिसते. मुंबईने मर्यादा मूल्याला न घालता कराच्या रकमेला घातली. मूल्याच्या नोंदीत रेडी रेकनरचा भाव राहतो, बिल पायऱ्यांनी चढतं. हे कॅलिफोर्नियापेक्षा पुष्कळ शहाणपणाचं आहे. पण पायरी जिथून सुरू झाली तो पाया १९४० चाच आहे. जुन्या इमारतीतल्या दुकानाचा कर तिप्पट होऊनही बाजारभावाच्या फार खाली असू शकतो आणि दर पाच वर्षांनी ४० टक्क्यांनी तो तिथे पोचायला किती फेऱ्या लागतील हे कुणीही हिशेब करून बघावं. नव्या इमारतीला आधीचं बिलच नसतं, त्यामुळे तिला मर्यादाही नसते. मेसीज आणि शेजारी, हा प्रकार आपल्याकडे जुनी चाळ आणि नवा टॉवर यांच्यात चालतो.

मूल्य काय धरायचं यावरही आपल्याकडे एक महत्त्वाचा निकाल लागला आहे, तो व्यापारी मालमत्तांच्या वादात फार उपयोगी आहे. महापालिकेच्या नियमांत जमिनीवर पुढे किती एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) वापरता येईल याची किंमत आजच धरायची सोय होती. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल कायम ठेवला. जे उभं आहे त्याचं मूल्य लावा, उद्या जे उभं राहू शकेल त्याचं नको. हार्डवेअरवाल्याचं खरं दुखणं यातून बरंचसं सुटतं. त्याचं एक मजली दुकान एक मजली दुकान म्हणून मोजलं जातं, त्याच्या डोक्यावरच्या काल्पनिक वीस मजल्यांसह मोजलं जात नाही. मूल्याला खोटं पाडणारी मर्यादा न घालताही दिलासा देता येतो, याचं हे आपल्याच घरचं उदाहरण.

मग मी काय करा म्हणतो? न्यूयॉर्क शहर व्यापारी इमारतींच्या मूल्यात झालेली वाढ पाच वर्षांत समान हप्त्यांनी लागू करतं. वाढ माफ होत नाही, पसरते. धक्का बसत नाही आणि शेजाऱ्याच्या बिलातही जात नाही, निदान पाच वर्षांपलीकडे तरी नाही. टेक्ससने २०१९ साली दुसरं एक साधन काढलं होतं, त्याची चर्चा २०२३ च्या गोंगाटात मागे पडली. शहराने किंवा काउंटीने जुन्या मालमत्तांकडून गोळा करायची एकूण रक्कम वर्षाला साडेतीन टक्क्यांहून जास्त वाढवायची असेल तर लोकांचं मत घ्यावं लागतं. पूर्वी ही मर्यादा ८ टक्के होती. लगाम सरकारच्या खर्चाला आहे, त्याच्या वाटणीला नाही. जे लोक मूल्यमर्यादा मागतात त्यांना बहुतेक वेळा हवं असतं ते हेच, मागतात मात्र दुसरंच. सरकार उधळं वाटत असेल तर त्याच्या एकूण पैशावर मर्यादा घाला. शेजाऱ्यावर घालू नका.

आपल्याकडे पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत होती. ती मधे गेली आणि २०२३ मध्ये परत आली. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर २०२२ पासून माफ आहे. या सवलतींवर माझे आक्षेप आहेत, पण त्यांचा एक गुण मान्य करतो. त्या कुणाला आणि किती दिल्या हे मोजता येतं. १ जुलै २०१७ ला जकात गेल्यापासून मुंबई महापालिकेचं स्वतःचं, कुणापुढे हात न पसरता मिळणारं उत्पन्न म्हणून मालमत्ता करच मोठा उरला आहे. अशा करातली प्रत्येक सूट मोजता आली पाहिजे.

टेक्ससच्या नोटिशीवर दोन आकडे असतात, बाजारमूल्य आणि मर्यादेनंतरचं मूल्य. कॅलिफोर्नियात बाजारमूल्य बहुतेक मालमत्तांसाठी दरवर्षी कुणी काढतच नाही, आणि मर्यादेची किंमत किती हे शोधायला तिथे सार्वमताची वेळ यावी लागली. मुंबईत दोन्ही आकडे काढण्याची यंत्रणा महापालिकेजवळ आहे. पुढच्या फेरमूल्यांकनात अनिवासी जागांच्या ४० टक्क्यांच्या कलमाची चर्चा होईल तेव्हा प्रभागवार यादी मागा: मर्यादेमुळे किती कर लागला नाही, आणि तो कोणत्या प्रभागातल्या कोणत्या प्रकारच्या मालमत्तांना लागला नाही. ती यादी समोर असली तर स्थायी समितीत आणि विधानसभेत कोण कशाच्या बाजूने बोलतंय हे ऐकायला वेगळीच मजा येईल.